फंग आजीचं एक युनिट

माझ्या नवऱ्याची नोकरी एका म्हातारीच्या अंगठ्यावर अडकली होती, आणि म्हातारी अंगठा उठवायला तयार नव्हती. साठ घरांनी उठवला. गावप्रमुखाच्या मेव्हण्यानेसुद्धा उठवला, ज्याची भाताची गिरणी बारा वर्षं फुकटच्या विजेवर चालली. आणि ही फंग आजी, डोंगरावर एकटी राहणारी, महिन्याला जेमतेम एक युनिट जाळणारी, ही म्हणे, "माझा मीटर माझ्या घरातच राहील."

ही आमच्या शांगपिंगची दोन हजार सालची गोष्ट. वर्षाचा शेवटचा महिना होता आणि गावात घराघरातून धुरावर टांगलेल्या डुकराच्या मांसाचा वास येत होता. त्या वर्षी आमची वीज गावाच्या हातातून निघून सरकारी जाळ्यात जाणार होती. मी तर म्हणते, फार आधी जायला हवी होती. आजवरचा कारभार असा, की बाजारगावाहून डीपीपर्यंत तार यायची, डीपीवर गावाचा एक मोठा मीटर, आणि पुढचं सगळं गावाने आपापसात वाटून घ्यायचं. लाकडी खांब, उघड्या तारा, निम्मी वीज वाटेतच गळायची. कुणी आकडा टाकायचं, कुणी गावप्रमुखाचं नाव सांगून सुटायचं, आणि ते सगळं नुकसान आमच्यासारख्या गरीब बिचाऱ्यांच्या माथी. शहरात अर्ध्या युआनला मिळणारं युनिट आम्हाला सव्वा युआनला पडायचं. आता सिमेंटचे खांब आले होते, शहराचाच भाव मिळणार होता, आणि प्रत्येकाचा मीटर घरातून काढून बाहेर खांबावर, पत्र्याच्या पेटीत कुलूपबंद होणार होता, म्हणजे घरात बसून त्याच्याशी चाळे करायची सोय उरली नाही.

माझा नवरा श्यांग छिमाव, बावीस वर्षं गावाचा वायरमन. गावात पहिला बल्ब लागला तो त्याच्या हाताने. पण नव्या वीज केंद्राला गावागणिक वायरमन नको होता, तीन गावांना मिळून एकच पुरे होता. केंद्राचे साहेब, कालचं पोर, आमच्या अंगणात येऊन त्याला सांगून गेले, "श्यांगदादा, अठरा तारखेला तपासणी. एकसष्टच्या एकसष्ट मीटर बाहेर दिसले, तर नव्या वर्षाआधी गाव जोडतो आणि तिन्ही गावं तुमची. एक जरी आत राहिला, तर गाव राहिलं लटकलेलं, आणि मग मी माझा माणूस आणतो."

जाताना त्यांनी दोन वस्तू दिल्या. एक नियमांचं जाडजूड पुस्तक, पाठ करायला. आणि एक दुर्बीण. हो, दुर्बीणच! मीटर आता खांबावर उंच जाणार, तर घरोघर फिरायचं नाही, रस्त्यावर उभं राहून दुर्बिणीतून आकडे वाचायचे. दोन दिवसांचं काम एका सकाळी होतं म्हणे. गावातल्या बायकांनी ऐकलं मात्र, सगळ्यांनी न्हाणीघराला पडदे लावले. मी म्हटलं, "बायांनो, कशाला जीव टांगता? याला समोर ठेवलेली चप्पल दिसत नाही."

तर, फंग आजी. छिमाव तिच्याकडे तीनदा चढून गेला आणि तिन्ही वेळा हात हलवत परत आला.

"काय म्हणाली?"

"नाही म्हणाली."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार? अंडी खाल्ली."

घ्या! आमच्या डोंगरात पाहुणा आला की उकळत्या साखरपाण्यात दोन अंडी फोडून सोडायची आणि वाडगा त्याच्या हातात द्यायचा, हा रिवाज. फंग आजी दर पंचवीस तारखेला, रीडिंगच्या दिवशी, याला तो वाडगा द्यायची. बावीस वर्षांत किती अंडी झाली असतील त्याचा हिशोब मी ठेवला नाही, पण पंचवीस तारखेला हा घरी कधी पोटभर जेवला नाही एवढं मला माहीत आहे. स्वभावाने इतका मऊ, की कुणी तोंडात मारली तरी हा विचारेल, हाताला लागलं तर नाही ना? मग घरात तोंड चालवायचं काम माझ्याकडेच येतं.

सोळा तारीख उजाडली. दुपारी मी अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या परतत होते. दुर्बीण खिडकीत पडली होती. म्हटलं, बघू तरी काय दिसतं. आधी आमचं डुक्कर पाहिलं, ते जवळून फारच भयंकर दिसतं. मग दुर्बीण वर डोंगराकडे वळवली. फंग आजीचं लाकडी घर, दार उघडं, आणि आत, भर दुपारी, डोक्यावर सूर्य असताना, दिवा जळत होता!

माझं टाळकंच सणकलं. या बाईची ख्याती अशी, की काडेपेटीची काडी वाचवायला रात्रभर निखारा राखेत जपते. आणि आता वीज गावाच्या हातातून जाणार म्हटल्यावर उधळते आहे? मीटर देत नाही आणि वर ही ऐट? मी मिरच्या तशाच टाकल्या, अंगठ्याचा कागद आणि शाईची डबी घेतली, आणि डोंगर चढायला लागले. अर्ध्या तासाची चढण. वाटेत काय काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं, आणि एकेक शब्द असा, की म्हातारीने कानात बोटं घातली असती.

दारात पोचले तर आजी पाठमोरी बसलेली. समोरच्या भिंतीवर पूर्वजांची फळी, फळीवर तिच्या नवऱ्याचा फोटो, आणि फळीच्या शेजारीच मीटर. दोघांत मिळून एक उदबत्ती लावलेली. आजी बुटक्या स्टुलावर बसून, मान वर करून, मीटरची चकती फिरताना बघत होती. पंधराचा बल्ब, चकती अशी हळू, की फिरते आहे की नाही कळू नये.

"आजी!" मी दारातूनच सुरू केलं. "दिवसाढवळ्या दिवा! कुणाच्या बापाची वीज आहे?"

ती दचकली नाही. वळून म्हणाली, "कोण, छिमावची बायको का? ये. बस. अंडी टाकते."

"मी अंडी खायला नाही आले."

"मग बस तरी. आज सोळा आहे ना? शेवटच्या लाल चाकाचे अजून पाच आकडे सरकायचे आहेत. पंचविसाच्या आत एक युनिट व्हायला हवं."

"का व्हायला हवं? कमी जाळलंस तर तुझाच फायदा."

"अगं, एक युनिट झालं नाही तर तो येत नाही ना," आजी म्हणाली. जसं काही हे लहान मुलालाही ठाऊक आहे. "नियमच आहे तसा. आठ वर्षं झाली. एकदा मी लवकर झोपत गेले, युनिट पुरं झालं नाही, आणि पंचवीस तारखेला तो आलाच नाही. मी अंडी टाकून बसले होते. संध्याकाळी कोंबड्यांना घातली. पुढच्या महिन्यात म्हणाला, आजी, एका युनिटाच्या आत असलं की तो महिना सोडून देतात, दोन महिन्यांचं एकदम घेतात. तेव्हापासून मी कमी पडू देत नाही. रात्री एक तास लावते, त्याने भागत नाही. मग दिवसा लावायचा."

मी तिथल्या तिथे उंबऱ्यावर बसले.

कारण तो नियम कुठल्या सरकारचा नव्हता. तो माझा होता. आठ वर्षांपूर्वी छिमावचा गुडघा दुखत होता, आणि मीच त्याच्यावर खेकसले होते, "त्या म्हातारीच्या अर्ध्या युनिटासाठी डोंगर कशाला चढतोस? एक युनिट झालं नाही तर सोडून दे तो महिना." तो एक महिना माझं ऐकून घरी बसला. मी विसरूनसुद्धा गेले होते. आणि इथे ही बाई आठ वर्षं भर उन्हात दिवा लावून, चकतीकडे डोळे लावून बसत होती. तिचा मुलगा दूर दक्षिणेत, क्वांगतुंगला खेळण्यांच्या कारखान्यात, तीन नवी वर्षं गेली, आला नव्हता. महिन्यातून तिच्या घरात शिरणारा माणूस एकच, आणि तो मीटरसाठी येणारा. मला माझीच अशी शरम वाटली की काय सांगू.

"मीटर खांबावर गेला," आजी सावकाश म्हणाली, "की तो खालूनच बघणार. मला सांगितलं त्याने. नळी लावून बघतात म्हणे. मग आत कशाला येईल? तूच सांग."

मी कागद आणि डबी जाकिटाच्या आत लपवली आणि उतरले.

घरी छिमाव नियमांचं पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता. अक्षरं त्याला फार येत नाहीत, त्यामुळे रोज संध्याकाळी मी वाचायचे आणि तो माझ्या मागून म्हणायचा. त्या संध्याकाळी मी वाचत होते पण डोकं डोंगरावरच होतं.

"तिच्याकडे गेली होतीस?" त्याने विचारलं.

"तुला माहीत होतं? ती दिवसा दिवा का लावते ते?"

तो पान उलटत बसला. मग म्हणाला, "माहीत होतं."

"आणि सांगितलं नाहीस तिला? की असला काही नियम नाही म्हणून?"

"काय सांगू? नियम नाही म्हटलं असतं तर पुढे विचारलं असतं, मग त्या महिन्यात का आला नाहीस? तेव्हा काय सांगायचं, बायको म्हणाली येऊ नको?" तो पुस्तकात बघूनच बोलत होता. "तिला वाईट वाटलं असतं. तुझ्याबद्दल."

माझ्याबद्दल! मी त्याला चांगलं फैलावर घेणार होते, पण दोष तर माझाच होता. मग राग पुस्तकावर काढावा म्हणून मोठमोठ्याने पुढचं कलम वाचलं: "ज्या मीटरचा आकडा महिनाभरात अजिबात हलला नसेल, त्या घरी रीडिंग घेणाऱ्याने स्वतः जाऊन मीटर आणि घरात शिरून वायर व दिवा तपासावा."

वाचलं, आणि थांबले. पुन्हा वाचलं.

"छिमाव! मिळालं!"

"काय मिळालं?"

"तू गप बस. तुला कळणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत डोंगरावर. ते पुस्तक घेऊनच गेले, कारण आजीला वाचता येत नसलं तरी लाल शिक्का ओळखता येतो. तिच्यासमोर कलमावर बोट ठेवून सांगितलं, "आजी, जुना नियम गेला. आता उलटा नियम आला. सरकारने छापलेला. आता आकडा हलला तर तो खालूनच बघून जाणार. पण हलला नाही, तर त्याला वर यावंच लागणार, आत यावंच लागणार, दिवा लावून बघावाच लागणार. नाही आला तर साहेब त्याला धरणार."

आजीने शिक्क्यावर बोट फिरवलं. "नक्की?"

"नक्की. दिवा जितका कमी लावशील तितका तो येणार. हे दिवसाचं जाळणं तर आजपासून बंद कर."

तिने जरा वेळ फळीवरच्या फोटोकडे पाहिलं, जसं नवऱ्याला विचारावं. मग अंगठा पुढे केला. इतकी मी खूश झाले, की तिने अंडी टाकते म्हटलं तरी थांबले नाही. पळतच खाली आले. अठराला तपासणी झाली, एकसष्ट पेट्या एकसष्ट कुलपं, साहेबांनी छिमावची पाठ थोपटली आणि तीन गावांची वही त्याच्या हातात दिली. तेविसाला गाव जोडलं. त्या नव्या वर्षाला दिवे असे लख्ख लागले, की आमच्या छतावरची जळमटं मला पहिल्यांदा दिसली. गावभर मी मिरवत होते. कुणाला सांगितलं नाही, पण मनात म्हणत होते, नवऱ्याची नोकरी वाचवली ती या च्यूफंगच्या, म्हणजे माझ्या, डोक्याने.

पहिल्या महिन्याची पंचवीस तारीख आली. छिमाव गळ्यात दुर्बीण अडकवून सकाळी निघाला. खालची साठ घरं त्याने दुपारपर्यंत उरकली. मग डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून वर पाहिलं आणि फंग आजीच्या नावापुढे शून्य लिहिलं. घरी येऊन मला वही दाखवली तेव्हा याचं तोंड लाडू मिळाल्यासारखं. "शून्य! नियमाप्रमाणे आत जाऊन तपासायला हवं." आणि गुडघा-बिडघा विसरून चढला.

संध्याकाळी परत आला, मी जेवायला वाढलं, तर म्हणाला, "भूक नाही."

"माहीत आहे. किती, दोन?"

"तीन. खूश होती. सगळं तपासलं, वायर ठीक, मीटर ठीक. दिवा लावून पाहिला, तोही ठीक. फक्त बल्बवर कोळ्याने जाळं विणलंय."

"कशावर?"

"बल्बवर. चांगलं मोठं. पुसून आलो."

मी हातातली पळी खाली ठेवली. अजून पुरता अंधार पडला नव्हता. दुर्बीण त्याच्या गळ्यातून काढून घेतली आणि अंगणात गेले. खाली गावात एकेक खिडकी पिवळी होत होती. वर डोंगरावर आजीचं घर काळं होतं. दारातून चुलीतल्या निखाऱ्यांचा जरासा लाल उजेड, बाकी काही नाही.

अरे देवा. शून्य म्हणजे शून्य. मी सांगितलं होतं ना, जितका कमी लावशील तितका तो येणार. महिनाभर, नव्या वर्षाच्या रात्रीसुद्धा, सगळं गाव लखलखत असताना ती अंधारात बसली होती. आधीचा नियम माझा, हाही माझाच. पहिल्याने तिला उन्हात दिवा लावायला लावला, दुसऱ्याने काळोखात बसवलं. आणि मी गावभर मिरवत फिरले!

"कुठे निघालीस?" छिमाव मागून ओरडला. मी तोवर चढायला लागलेही होते.

वर पोचले तेव्हा आजी चुलीपाशी चाचपडत भांडी घासत होती. मी आत शिरले ती थेट भिंतीकडे गेले आणि दोरी ओढली. दिवा लागला. आजी डोळ्यांवर हात धरून ओरडली, "अगं, बंद कर! आकडा हलेल!"

"हलू दे."

"मग तो पुढच्या महिन्यात येणार नाही!"

"येईल."

"कसा येईल? नियम आहे. तूच दाखवलास. शिक्का होता त्यावर."

मी तिच्यासमोर खाली बसले. रडू येत होतं आणि रागही येत होता, माझाच. म्हटलं, "आजी, ऐक. आठ वर्षांपूर्वी तो आला नाही ना, ते मी सांगितलं होतं म्हणून. नियम-बियम काही नव्हता. माझं तोंड होतं ते. त्याने तुला खोटं सांगितलं, मला वाचवायला. आणि आताचा नियम खरा आहे, पण तुला त्याची गरज नाही. दिवा लाव. रोज लाव, हवा तेवढा लाव. आकडा हलो नाहीतर न हलो, तो येणार."

आजीने हातातलं भांडं खाली ठेवलं. मला वाटलं आता चांगली शिवी हासडेल. हासडली असती तर बरं वाटलं असतं.

"काम नसताना?" तिने विचारलं.

"काम नसताना."

"काम नसताना कोण चढतं एवढं?"

"मी आत्ता चढले की नाही? माझ्याकडे कुठला मीटर आहे?"

यावर ती जराशी हसली. मग पुन्हा गंभीर झाली आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागली. "मग तो येणार कधी?"

"कधीही. मनात आलं की."

"छे, छे. तसं नको." तिने जोरात मान हलवली. "कधीही म्हणजे कधीच नाही. माझा मुलगा कधीही येतो म्हणतो. तारीख असलेली बरी, बाई. अंडी राखून ठेवता येतात."

बल्बखाली तिचे केस पार पांढरे दिसत होते, आणि बावीस वर्षांत मी या चुलीपाशी एकदाही बसले नव्हते हे मला तेव्हा कळलं.

"बरं," मी म्हटलं. "त्याची पंचवीस. आहे तशीच. आणि माझी दहा."

"दर महिन्याला?"

"दर महिन्याला, दहा तारखेला."

आजी उठली, मडक्यात हात घालून अंडी चाचपली आणि दोन बाहेर काढली. मग पातेलं चुलीवर ठेवत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज पंचवीस आहे. तुझी दहा अजून लांब आहे. पण आलीच आहेस तर खाऊन जा."